मुंबई ते नागपूर : किती लांब?

मित्रांनो, दप्तरातला नकाशासंग्रह काढा पाहू! महाराष्ट्राचं पान उघडा. डावीकडे समुद्राला चिकटून बसलेली मुंबई सापडली? आता पार उजवीकडे, जरा वरच्या अंगाला नागपूर शोधा. सापडलं? मग दोन्ही ठिपक्यांवर पट्टी ठेवा आणि अंतर मोजा. पानाच्या कोपऱ्यात नकाशाचं प्रमाण छापलेलं असतं. समजा, तुमच्या नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे ७५ किलोमीटर आहे आणि पट्टीवर ९ सेंटिमीटर भरले, तर ९ गुणिले ७५, म्हणजे ६७५ किलोमीटर. झालं उत्तर!

पण थांबा, एवढ्यावर पान मिटू नका. आठवी-नववीतल्या दादाताईंना हेच उत्तर पट्टीशिवायही काढता येईल. मुंबईचं विमानतळ साधारण १९.१ उत्तर अक्षांशावर आणि ७२.९ पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचं आहे २१.१ आणि ७९.१ वर. म्हणजे नागपूर मुंबईच्या २ अंश उत्तरेला आणि ६.२ अंश पूर्वेला. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, तेव्हा उत्तरेकडे झाले २२२. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळजवळ येत जातात, म्हणून आपल्या महाराष्ट्रात रेखांशाचा एक अंश जरा लहान, साधारण १०४ किलोमीटरचा असतो. ६.२ गुणिले १०४, म्हणजे पूर्वेकडे ६४५. आता काटकोन त्रिकोण काढा आणि पायथागोरसला बोलवा. २२२ चा वर्ग, ६४५ चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. येतात ६८२ किलोमीटर! पट्टीच्या उत्तरात आणि यात केवढा थोडा फरक, पाहिलंत? एवढ्याशा अंतरात पृथ्वीच्या गोलाईनं फारसं बिघडत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क मोजायचं असेल तर मात्र पट्टी बाजूला ठेवून पृथ्वीगोलावर दोरा ताणायचा, बरं का.

वैमानिक हे अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. ते सांगतात सागरी मैलांत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हा आकडा कुठून आला असेल? अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग करा. एका भागाला म्हणतात एक मिनिट, आणि एक मिनिटाचं अंतर म्हणजे साधारण एक सागरी मैल. नकाशातूनच निघालेलं माप! नागपूर मुंबईहून ३६८ सागरी मैल.

आता ती पट्टी उचलू नका. ती कोणकोणत्या गावांवरून जाते ते बघा. छत्रपती संभाजीनगर जवळजवळ बरोबर रेषेवर येतं. पुढे उजव्या हाताला वाशीम राहतं. मग अमरावती डावीकडे, यवतमाळ उजवीकडे, आणि रेषा मधून जाते. वर्धा अगदी थोडक्यात चुकतं.

या रेषेवरून चालत कोण जाईल? कोणीच नाही. मध्ये सह्याद्री आहे, धरणं आहेत, लोकांची शेतं आहेत. रेल्वे बघा. मुंबईहून निघालेली गाडी कल्याण, कसाऱ्यावरून थळ घाट चढते. तिथला चढ असा आहे, की ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर जावं लागतं. तुम्हा-आम्हाला पायी हा चढ काहीच वाटणार नाही, पण लोखंडी रुळांवरच्या लोखंडी चाकांना फार वाटतो, म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. इगतपुरी, नाशिक रोड, मनमाड करत गाडी जळगाव-भुसावळकडे वर जाते. भुसावळ आपल्या पट्टीच्या रेषेपासून शंभराहून जास्त किलोमीटर उत्तरेला आहे! एवढा वळसा कशाला? तर तापी आणि पूर्णा या नद्यांची सपाट खोरी तिकडे आहेत. इंजिनाला सपाटी आवडते. शिवाय खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात न्यायचा होता. १८६७ मध्ये रुळ नागपूरला पोचले तेव्हापासून गाडी त्याच वाटेनं जाते. मुंबई ते नागपूर रेल्वेचं अंतर आहे साधारण ८३७ किलोमीटर.

आणि रस्ता? समृद्धी महामार्गाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. ७०१ किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरीच्या पुढचा शेवटचा भाग. हा रस्ता आपल्या पट्टीच्या बराच जवळून जातो. डोंगर आडवा आला तिथे बोगदा खणला. इगतपुरीजवळचा बोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे ७०१ किलोमीटर संपतात ते भिवंडीजवळ आमणे गावात. तिथून खुद्द मुंबईत शिरायचं म्हणजे पुढचं वेगळं गणित!

म्हणजे ६८२, ८३७ आणि ७०१. गावं तीच दोन, उत्तरं तीन. यातलं खरं कोणतं?

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी चौथीला शिकवते. हाच नकाशाचा उद्योग आम्ही वर्गात केला. सगळ्यांची उत्तरं फळ्यावर लिहून झाली, आणि दुसऱ्या रांगेतली एक मुलगी पट्टी हातात धरून उभी राहिली. तिचे वडील मुंबईत एका इमारतीवर वॉचमन आहेत. ती म्हणाली, “मॅडम, नकाशात तर नऊच सेंटिमीटर हाये जी. मंग माहे बाबा दिवाळीलेच काऊन येते?”

वर्ग हसला नाही. निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी पुण्या-मुंबईला आहे.

मी तिला म्हटलं, “बाबा सेंटिमीटरनं येत नाहीत. तासांनी येतात, आणि सुट्टीनं येतात, आणि तिकिटानं येतात. आपण आधी तास मोजू.”

तास मोजायची संधी मला लवकरच मिळाली. २०२५ च्या डिसेंबरात शिक्षकांच्या एका कार्यशाळेसाठी मला मुंबईला जायचं होतं. जाताना रेल्वेनं गेले. येतानाचं विमानाचं तिकीट माझ्या मुंबईतल्या धाकट्या भावानं हौसेनं काढून दिलं. माझा पहिलाच विमानप्रवास! वर्गानं मला एक छोटी वही दिली आणि ताकीद दिली, की सगळ्या वेळा घड्याळ बघून लिहायच्या. ‘साधारण’ लिहायचं नाही.

जाण्याची हकिकत थोडक्यात सांगते. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये वर्ध्याला बसले तेव्हा वाजले होते सहा बत्तीस. पुलगाव, धामणगाव, बडनेरा. मूर्तिजापूरला डबा उघडला, अकोल्याला मिटला. शेगाव आलं तेव्हा समोरच्या आजींनी झोपेतच हात जोडले. मग मी जी झोपले ती एकदम इगतपुरीच्या पुढे घाट उतरताना जागी झाले. दादरला उतरले तेव्हा सहा त्रेपन्न. बारा तास एकवीस मिनिटं. यातले सात तास झोपेचे. आता सांगा, हे सात तास प्रवासात धरायचे का? माझं मत विचाराल तर धरू नयेत. घरी तरी मी त्या वेळी दुसरं काय केलं असतं?

येतानाची वही मात्र भरगच्च आहे. दादरहून भावाच्या घरून निघाले दुपारी एक दहाला. विमानतळ तिथून अकरा-बारा किलोमीटर. पोचले दोन पाचला. पंचावन्न मिनिटं! भागाकार करा, आमच्या गावचा पोस्टमन सायकलवर याहून फार मागे राहिला नसता. मग सामान देणं, तपासणी, रांग, दुसरी रांग, बसणं. विमानाची वेळ चार दहाची, पण दीड-दोन तास आधी या असं त्यांचं सांगणं असतं. मी खिडकीशी बसून पट्टा बांधला आणि चार वाजून चौदा मिनिटांनी विमान जागचं हललं.

हललं, पण उडलं नाही! रिक्षा स्टँडवर रिक्षा लागतात तशी आमच्यापुढे विमानं लागलेली. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या फुलीसारख्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरायची. आणि दिवसाला चढणारी-उतरणारी विमानं नऊशेच्या आसपास. चोवीस तासांना नऊशेनं भागलं, तर दर दीड मिनिटाला एक येतं! आमचा नंबर लागला चार छत्तीसला.

आणि तुम्हाला वाटेल, उडाल्या उडाल्या विमान नागपूरकडे निघालं असेल. छे! ते निघालं उलट्या दिशेला. खाली समुद्र! क्षणभर माझ्या पोटात गोळा आला. नागपूर पूर्वेला आणि आपण पश्चिमेला कुठे चाललो? कारण साधं आहे. विमान उडतं ते वाऱ्याकडे तोंड करून. समोरून वारा आला की पंखांना उचल लवकर मिळते. पतंग उडवताना तुम्ही तेच करता ना? दुपारी मुंबईला वारा समुद्राकडून येतो, म्हणून विमानं समुद्राच्या दिशेनं उडतात आणि मग मोठं वळण घेऊन माघारी येतात. आमच्या ६८२ किलोमीटरमध्ये हे वळणही वाढलं.

वर चढायला वीसेक मिनिटं लागली. खाली आधी खाडी, मग सह्याद्रीचे काळेभोर कडे आणि त्यांच्यामागे धरणांचं पाणी आरशासारखं चमकत होतं. नंतर नुसती शेतं. हिरवे, तपकिरी, पिवळे चौकोन, गोधडीचे तुकडे जोडावेत तसे. वैमानिकानं सांगितलं, आपण साडेदहा किलोमीटर उंचीवर आहोत. म्हणजे एव्हरेस्टच्याही वर! बाहेरचं तापमान शून्याखाली पंचेचाळीस. आणि आत मी लिंबू सरबत पीत होते.

प्रवासी विमानाचा वरचा वेग ताशी ८३०च्या आसपास असतो. त्या वेगानं ६८२ किलोमीटरला किती वेळ लागायला हवा? एकोणपन्नास मिनिटं. मग तिकिटावर दीड तास का लिहिलेला असतो? कारण तो वेग मधल्या थोड्याशाच तुकड्यात मिळतो. चढताना विमान हळू. आणि उतरायची तयारी तर नागपूर दोनशे किलोमीटर लांब असतानाच सुरू होते. शिवाय तिकिटावरचा वेळ उडण्यापासून मोजत नाहीत, विमान जागचं हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंत मोजतात. रांगेतली ती बावीस मिनिटंसुद्धा त्यात आली.

त्या दिवशी आम्हाला एक मदतही होती. हिवाळ्यात आपल्या देशावर खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. उत्तर भारतावर ते सर्वांत जोरदार असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. समजा असा वारा ताशी ८० किलोमीटरचा आहे. मुंबईहून नागपूरला जाताना तो पाठीशी, म्हणजे जमिनीच्या हिशेबानं वेग ९१०. नागपूरहून मुंबईला येताना तोच वारा तोंडावर, वेग ७५०. नदीतल्या होडीचं गणित तुम्ही सोडवलंय ना, प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध? तेच. म्हणून एकाच वाटेवर जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो.

चाकं नागपूरच्या धावपट्टीला टेकली पाच चाळीसला. हवेत होते चौसष्ट मिनिटं. विमान उभं राहिलं पाच शेहेचाळीसला. बाहेर पाहिलं तर सूर्य नुकताच मावळलेला, क्षितिजावर नारिंगी पट्टा. मुंबईला भावाला फोन केला, “पोचले रे.” तो म्हणाला, “ताई, इकडे तर अजून गच्चीवर ऊन आहे!” बघा, नागपूर ६.२ अंश पूर्वेला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. ६.२ गुणिले ४, म्हणजे जवळजवळ पंचवीस मिनिटं. नागपूरकरांचा सूर्य मुंबईकरांच्या पंचवीसेक मिनिटं आधी डोक्यावर येतो. हिवाळ्यात मावळताना आणखी दोन-तीन मिनिटांची भर पडते, कारण नागपूर जरा उत्तरेला आहे. घड्याळं मात्र दोन्हीकडे तीच, भारतीय प्रमाणवेळेची. पूर्वी तसं नव्हतं. मुंबईचं स्वतःचं घड्याळ वेगळं होतं, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि मुंबईनं ते १९५५ पर्यंत सोडलं नाही!

सामान घेऊन बाहेर आले सहा पाचला, आणि घरी पोचले आठ वीसला. एक दहा ते आठ वीस. सात तास दहा मिनिटं, आणि त्यातली हवेत फक्त चौसष्ट मिनिटं.

दुसऱ्या दिवशी वहीचं जाहीर वाचन झालं. मागच्या बाकावरच्या एका पठ्ठ्यानं शंका काढली. ही शंका इतकी झकास आहे की तुम्हालाही सांगते. तो म्हणाला, “मॅडम, पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना जी? मंग नागपुरातून विमानानं नुसतं वर जाऊन उभं राह्याचं. खालून मुंबई आपोआप येईल!” मी फळ्यावर हिशेब करून दाखवला. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी १५७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे जाते. तसं झालं असतं तर पंचवीस मिनिटांत मुंबई खाली आली असती! (तीच पंचवीस मिनिटं, ओळखलीत?) पण तसं होत नाही. धावत्या एसटीत तुम्ही जागच्या जागी उडी मारलीत, तर मागच्या सीटवर जाऊन पडता का? नाही. कारण तुम्हीही एसटीच्याच वेगानं पुढे जात असता. तसंच विमान जमिनीवर उभं असतानाच पृथ्वीबरोबर फिरत असतं, आणि भोवतालची हवासुद्धा. पृथ्वी कोणाला मागे सोडत नाही.

मग आम्ही एक मोठा तक्ता केला. पहिली ओळ, पायी. रोज २५ किलोमीटर चालणारा माणूस ८०० किलोमीटरची वाट धरून निघाला तर ३२ दिवस. त्याखाली रेल्वे. त्याखाली समृद्धी महामार्ग, साधारण आठ तास. त्याखाली विमान. आणि मधे मुलांना आवडलेली एक ओळ घातली : डाकोटा.

त्या ओळीची गोष्ट अशी. नागपूरच्या मध्यभागी ‘शून्य मैल’ नावाचा दगडी खांब आहे. इंग्रजांच्या काळात जमिनीच्या मोजणीसाठी उभारलेला. त्यावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. नागपूर असं देशाच्या मधोमध, ही गोष्ट स्वतंत्र भारताच्या टपाल खात्यानं बरोबर हेरली. नागपूरहून मुंबई ६८२ किलोमीटर, दिल्ली सुमारे ८५५, चेन्नई ९१० आणि कोलकाता ९८०. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. या चार शहरांतून रोज रात्री एकेक डाकोटा विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघे, आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरला येत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरात परत! डाकोटाचा वेग ताशी २७० किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून अडीच तास. संध्याकाळी चेन्नईत पेटीत पडलेलं पत्र सकाळी मुंबईच्या टपाल कचेरीत हजर. आपण गाढ झोपेत असताना सोनेगावच्या धावपट्टीवर दिव्यांच्या उजेडात सगळ्या देशाची पत्रं इकडून तिकडे होत होती, ही कल्पनाच मला फार आवडते. १९७० नंतरच्या काही वर्षांत ही सेवा थांबली, पण तोवर तिनं दोन दशकांहून जास्त काळ काम केलं होतं.

तक्त्याची शेवटची ओळ लिहिताना मी मुलांना जी गोष्ट सांगितली ती तुम्हालाही सांगते, कारण तुम्ही आता मोठे होताय. कधीकधी एखाद्या माणसाला अपघात होतो आणि त्याच्या मेंदूचं काम कायमचं थांबतं. तो पुन्हा कधीच जागा होणार नसतो. अशा वेळी त्याच्या घरची माणसं, एवढ्या दुःखातही, त्याचे अवयव दुसऱ्या आजारी माणसांना द्यायला तयार होतात. मूत्रपिंड शरीराबाहेर गार पेटीत बराच वेळ, एक दिवसभरसुद्धा टिकू शकतं. हृदयाला मात्र इतका वेळ नसतो. ते काढल्यापासून साधारण चार तासांच्या आत दुसऱ्याच्या छातीत पुन्हा धडधडू लागायला हवं.

आता आपला तक्ता बघा. नागपुरात एक हृदय आहे आणि ज्याला ते हवं आहे तो माणूस मुंबईत. रेल्वे? नाही. समृद्धी? आठ तास, नाही. उरलं फक्त विमान. पण माझ्या वहीतलं विमान चालणार नाही. ते सात तास दहा मिनिटांचं आहे! म्हणून त्या सात तासांतलं विमानाबाहेरचं सगळं कापून टाकावं लागतं. सामानाची रांग नाही, थांबणं नाही. रुग्णालयापासून विमानतळापर्यंत पोलीस प्रत्येक चौकात वाहतूक थांबवून वाट मोकळी ठेवतात. तिला ग्रीन कॉरिडॉर म्हणतात. मुंबईत उतरल्यावर पुन्हा तशीच वाट. मला पंचावन्न मिनिटं लागलेल्या मुंबईच्या रस्त्यांवरून रुग्णवाहिका काही मिनिटांत जाते. नागपुरात दान केलेलं हृदय असं मुंबईला गेलेलं आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये तर पुण्याहून मुंबईला, जेमतेम दीडशे किलोमीटरवर, विमानानं हृदय नेलं होतं. पुणं-मुंबई रस्ता एरवी तीन-साडेतीन तासांचा. चार तासांत बसतो, असं तुम्ही म्हणाल. पण शस्त्रक्रियेचा वेळ त्याच चार तासांतून द्यायचा असतो ना!

आमच्या वर्गात यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकानं विचारलं, की चौकात थांबलेल्या लोकांना माहीत असतं का, कोण चाललंय ते? सगळ्यांनाच नसतं. भोंगा ऐकू येतो, शिट्टी ऐकू येते, आणि थांबायचं असतं.

तक्ता आता आमच्या वर्गाच्या दाराशेजारी लावलाय. डावीकडे ‘कशानं’, उजवीकडे ‘किती वेळ’. परवा पाहिलं तर खाली पेन्सिलीनं एक नवी ओळ आली होती : ‘फोन’. अक्षर त्या पट्टीवाल्या मुलीचं. मी म्हटलं, चला, याचंही गणित करू. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे शेताच्या पार टोकाला, ३४० मीटरवर उभ्या असलेल्या काकांनी हाक मारली, तर ती ऐकू यायला एक सेकंद लागतो. फोनमध्ये आवाजाचा संदेश विजेच्या आणि प्रकाशाच्या वेगानं येतो. मुंबईहून बाबा ‘हॅलो’ म्हणतात ते सेकंदाच्या एका लहानशा तुकड्यात इथे पोचतं. काकांच्या हाकेच्या आधी!

तिनं नीट ऐकून घेतलं. मी म्हटलं, “मग लिही की वेळेच्या रकान्यात, एका सेकंदाहून कमी.”

ती म्हणाली, “नाही जी मॅडम. ड्युटीवर बाबाले फोन उचलता येत नाही.” आणि पेन्सिल घेऊन तिनं रकान्यात लिहिलं : रात्री नऊनंतर.